पिवळा वाटाणा, बाबांची तूर आणि कॅनडातली शेती

बांधावरची | १ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, आज राहवेना म्हणून लिहितेय. मी मूळची औसा तालुक्यातली, शिकले परभणीच्या कृषी विद्यापीठात, आणि गेली सहा वर्षं कॅनडात सास्काचेवान प्रांतात रोझटाउनच्या पलीकडे एका कुटुंबाच्या शेतावर नोकरीला आहे. नोकरी म्हणजे पिकावर नजर ठेवायची, रोग-कीड बघायची, फवारणी कधी ते सांगायचं आणि सुगीत जे काम पुढे येईल ते करायचं. साडेसहा हजार एकर रान आहे. पास्त्याचा ड्युरम गहू, कनोला (मोहरीच्या जातीचं तेलबी), लाल मसूर आणि पिवळा वाटाणा.

परवा संध्याकाळी मी वाटाण्याच्या बिनपाशी होते. बिन म्हणजे पत्र्याची भली मोठी कणगी समजा, खाली नरसाळ्यासारखा निमुळता भाग असतो. या एका बिनमध्ये पाच हजार बुशेल बसतात, म्हणजे साधारण १३६ टन. आत केबल सोडलेली असते, तिला बाहेरून यंत्र लावून कुठे धान्य गरम होतंय का ते बघायचं. मी आकडे लिहीत होते तेवढ्यात मालक आले, फोन हातात. म्हणाले, इंडियाने वाटाण्यावर शुल्क लावलं, शनिवारपासून तीस टक्के. एवढंच बोलले आणि पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारली, आपल्याकडे बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि घरात गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्चमध्ये चीनने कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के शुल्क लावलंय. पिवळ्या वाटाण्याची मोठी गिऱ्हाइकं दोनच, चीन आणि भारत. एक दार मार्चला लागलं, दुसरं आता.

इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा, बाबा उठलेले असतात. फोन केला तर त्यांना बातमी आधीच कळलेली. म्हणाले, "बरं झालं बाई, आता तरी तुरीचा भाव हलंल." मी "हो बाबा" म्हणाले. फोन ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. एका घरचं मीठ खाऊन मोठी झाले, दुसऱ्या घरचं आज खातेय, आणि एकाला जे बरं वाटलं त्याने दुसऱ्याच्या पोटात गोळा आला.

कुणाशी बोलावं कळेना म्हणून इथे लिहिलं. कॅनडात शेतीशी संबंध असलेलं कुणी आहे का इथे? आणि गावाकडचं कुणी?

तूरवाला_लातूर | १ नोव्हेंबर २०२५

ताई, लिहिलंय चांगलं पण एक बोलतो, राग मानू नका. तुमच्या मालकाच्या पोटात गोळा आला असंल, आमच्याकडं दोन वर्षं झाली गोळा पोटातच हाय. डिसेंबर २०२३ ला पिवळा वाटाणा शुल्कमुक्त केला आणि मग मुदतीवर मुदत वाढवत गेले. वाटाणा येतो स्वस्त, तो बेसनात जातो, डाळीत जातो, हॉटेलवाला हरभऱ्याच्या जागी तोच घेतो, मग हरभरा पडतो आणि त्याच्यामागं तूर पडते. यंदा तुरीचा हमीभाव ८००० रुपये क्विंटल जाहीर केलाय, बाजारात तेवढा मिळंल का याची खात्री कुणी देत नाही. आणि तूर तर अजून शुल्कमुक्तच येतेय, मोझांबिकची, म्यानमारची, मार्च २०२६ पर्यंत. म्हणजे दार अर्धंच लावलंय.

त्यात सप्टेंबरला पाऊस कसा झाला तुम्हाला बाबांनी सांगितलंच असंल. सोयाबीन पाण्यात, तूर उभी जळाली, काही ठिकाणी तर माती सुद्धा वाहून गेली. एक रुपयातला पीकविमा यंदाच्या खरिपापासून बंद. अशात साडेसहा हजार एकरवाल्याचं दुःख ऐकायला माझं मन लई मोठं होत नाही, खरं सांगतो.

बांधावरची | २ नोव्हेंबर २०२५

दादा, राग कसला. तुम्ही बोललात त्यातला एकही शब्द खोटा नाही, बाबांचं पाच एकर सोयाबीन असंच गेलं, आंतरपीक तूर थोडी राहिलीय चढावर.

पण साडेसहा हजार एकर या आकड्याचं थोडं सांगते, कारण मलाही आल्यावर असंच वाटलं होतं की हा म्हणजे राजाच. इथे पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्यापेक्षाही कमी, वर्षाला साधारण ३५० मिलिमीटर, तोही बर्फ धरून. पीक एकच, मे महिन्यात पेरायचं आणि सप्टेंबरच्या थंडीच्या आत काढायचं. बाकी वर्षभर जमीन गोठलेली. विहीर नाही, कॅनॉल नाही, आमच्या भागात सगळं कोरडवाहूच. घरची राबणारी माणसं तीन, मालक, मालकीणबाई, त्यांचा मुलगा, आणि चौथी मी. सगळी जमीन मालकीची पण नाही, जवळजवळ निम्मी खंडाने केलेली, कारण म्हातारे होऊन शहरात गेलेल्या शेजाऱ्यांची ती जमीन. नवं कम्बाइन हार्वेस्टर त्याच्या हेडरसकट, म्हणजे पुढच्या कापणीच्या भागासकट, दहा लाख डॉलरच्या घरात जातं, ते कर्जावर. त्यामुळे शिल्लक किती राहते ते विचारलं तर मालक नुसतं हसतात.

तरी एक फरक आहेच आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्यांच्याकडे बिन आहेत. भाव नाही तर ते आज विकत नाहीत, पत्र्याच्या कणगीत माल वर्षभर सुद्धा ठेवतात, फक्त ओल आणि उष्णता सांभाळायची. बाबांचा माल मळणीनंतर आठ दिवसांत आडतीवर जातो कारण उसनवारी भागवायची असते. आणि इथला पीकविमा, त्याच्या हप्त्यात साठ टक्के वाटा केंद्र आणि प्रांताचं सरकार मिळून भरतं. भाव ठरवणं दोघांच्याही हातात नाही, पण थांबणं एकाच्या हातात आहे, दुसऱ्याच्या नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

पुणेरी_प्रश्न | २ नोव्हेंबर २०२५

एक बेसिक प्रश्न, साडेसहा हजार एकर आणि चार माणसं, हे शक्य तरी कसं होतं? म्हणजे दिवस कसा असतो?

बांधावरची | ३ नोव्हेंबर २०२५

मोठ्या यंत्रांमुळे होतं आणि झोप न घेतल्यामुळे होतं.

वर्ष सुरू होतं दगडांपासून. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, आणि वसंतात सैल होताना खालचे दगड वर ढकलते, दरवर्षी नवे. तेव्हा एप्रिलच्या शेवटी दगड वेचायचे. मोठ्यांसाठी मशीन आहे, पण त्याच्या जाळीतून निसटलेले, डोक्याएवढे, ते हातानेच उचलावे लागतात. बांधाच्या कोपऱ्यात शंभर वर्षांचे दगडांचे ढीग आहेत, पणजोबांनी घोडागाडीने टाकलेले तळाला आणि आम्ही टाकलेले वर. मसूर पेरल्यावर शेतावरून जड रोलर फिरवतात, उरलेले दगड जमिनीत दाबायला, कारण मसुरीच्या शेंगा अगदी जमिनीलगत लागतात आणि काढणीला पातं मातीला घासतच न्यावं लागतं. एक दगड गेला आत की कम्बाइनचा आवाजच सांगतो, आणि मग अर्धा दिवस गेला.

मे महिन्यात पेरणी. नांगरट नाहीच, गेल्या वर्षीच्या गव्हाच्या धसकटातच एअर सीडर बी आणि खत एकदम टाकत जातो. असं केल्याने ओल टिकते आणि १९३० च्या दशकासारखी माती उडून जात नाही, त्या धुळीच्या वादळांच्या गोष्टी इथे अजून घराघरात सांगतात. सुगीत मालकीणबाई संध्याकाळी पिकअपच्या मागे जेवण घेऊन शेतात येतात, कम्बाइन पंधरा मिनिटं थांबतं, सगळे टायरच्या सावलीत बसून खातात. मी गेल्या वर्षी एकदा थालीपीठ आणि दही नेलं, आता मुलगा दर सुगीला विचारतो. रात्री दव पडून काड ओली झाली की थांबायचं, कधी दहाला, कधी पहाटे दोनला.

नीलमोहर | ५ नोव्हेंबर २०२५

धागा आवडला! मी अगदी दुसऱ्या टोकाला, ब्रिटिश कोलंबियात अॅबट्सफर्डला. ब्लूबेरीच्या शेतांचे हिशेब लिहिण्याचं काम करते, गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी पंजाबी कुटुंबं. इथे हजारो एकर वगैरे नाही, वीस एकर, चाळीस एकर, पण एकराची किंमत ऐकली तर डोळे पांढरे होतील.

इथलं दुखणं माणसांचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बेरी पिकली की पिकली, ती थांबत नाही. हाताने तोडणाऱ्यांना पौंडावर पैसे मिळतात. सकाळी साडेपाचला व्हॅनमधून आज्या उतरतात, साठ-पासष्ट वर्षांच्या, सलवार-कमीज, वर नातवाचं हुडी, कमरेला बादली बांधलेली. मुलाने स्पॉन्सर करून आणलेल्या. त्यांच्या गाठीला स्वतःचे पैसे म्हणजे हेच. मी एकदा एका बीजींना विचारलं उन्हात का येता, तर म्हणाल्या घरात भिंतींशी किती बोलू, इथे गावाकडच्या बायका भेटतात. मला माझी आई आठवली, खुरपणीला जायची तेव्हा हेच म्हणायची.

आणि पाणी. नोव्हेंबर २०२१ चा पूर मी पाहिलाय. सुमास प्रेरी, इथला सखल शेतीचा पट्टा, म्हणजे मुळात तळंच होतं, १९२४ मध्ये उपसून शेती केली. सीमेपलीकडे अमेरिकेत नूकसॅक नदी फुटली आणि पाणी आपल्या जुन्या जागेवर परत आलं. प्रांतात सहा लाखांवर कोंबड्या मेल्या, गाई मेल्या. माणसं जेट-स्कीने गाई ओढून कोरड्यावर नेत होती, गाईच्या गळ्यात दोर, डोकं तेवढं पाण्यावर. ते पाणी उपसणारं पंपिंग स्टेशन वाचवायला लोकांनी रात्रभर वाळूच्या गोण्या लावल्या, ते बंद पडलं असतं तर किती गेलं असतं देव जाणे.

गोठ्यातला_डॉक्टर | ६ नोव्हेंबर २०२५

मी ओंटारियोत गाईंचा डॉक्टर, मूळ बारामतीकडचा. तूरवाला दादांनी भावाचं काढलं म्हणून दुधाचं सांगतो.

इथे दूध, अंडी, चिकन, टर्की यांना सप्लाय मॅनेजमेंट आहे, सत्तरच्या दशकापासून. देशाला दूध लागणार किती ते आधी मोजायचं, तेवढंच काढायचं, प्रत्येक गोठ्याचा वाटा म्हणजे कोटा ठरलेला, भाव उत्पादन खर्च धरून ठरतो आणि बाहेरून येणाऱ्या दुधावर भरमसाट शुल्क. आपल्याकडे लिटरमागे दोन रुपयांसाठी शेतकरी रस्त्यावर दूध ओततात, ते बघून मोठा झालेल्या माणसाला हे स्वप्नासारखं वाटतं. माझे शेतकरी रात्री शांत झोपतात, दुधाचा चेक महिन्याला येतो. इथेही दूध ओतलं गेलंय हं, करोनाच्या सुरुवातीला हॉटेलं बंद झाली तेव्हा, पण तो भाव पडल्याचा प्रकार नव्हता.

दुसरी बाजू अशी की कोटाच मुळात विकत घ्यावा लागतो. ओंटारियोत रोजच्या एक किलो स्निग्धांशाच्या कोट्याला २४,००० डॉलर, ही वर बांधून दिलेली मर्यादा आहे, आणि एक किलो म्हणजे साधारण एक गाय. शंभर गाईंचा गोठा म्हणजे जमीन, गोठा, गाई सोडून नुसत्या कोट्याचेच चोवीस लाख. ज्याच्या बापाकडे होतं त्याच्याकडेच राहतं, बाहेरचा पोरगा आत कसा येणार? दूध-चीज गिऱ्हाइकाला महाग पडतं तेही आहेच. अमेरिकेचा दबाव दरवेळी यावरच असतो, म्हणून यंदा जूनमध्ये संसदेने सी-२०२ कायदा केला की व्यापार करारात हे वाटाघाटीला ठेवायचंच नाही. माझं मत विचाराल तर ठेवावं असंच आहे, पण नव्या माणसाला दार उघडून.

तूरवाला_लातूर | ६ नोव्हेंबर २०२५

डॉक्टरसाहेब, म्हणजे सरकारला जमतं की! दुधाला जमतं तर डाळीला का नाही जमत?

गोठ्यातला_डॉक्टर | ७ नोव्हेंबर २०२५

कारण दूध देशातल्या देशात संपतं. धान्य आणि डाळ हा माल इथे पिकतो दहा घरांसाठी आणि खाणारं घर एकच. उरलेलं जगाला विकायचं, आणि जगाचा भाव कोण बांधून देणार? गव्हासाठी पूर्वी कॅनडियन व्हीट बोर्ड होतं, पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचा गहू-बार्ली तेच विकायचं. १ ऑगस्ट २०१२ पासून ती सक्ती गेली. बरं झालं म्हणणारे आणि वाईट झालं म्हणणारे अजून एका टेबलावर भांडतात, ते बांधावरची ताई जास्त सांगतील.

बांधावरची | ८ नोव्हेंबर २०२५

हो, त्या टेबलाला इथे कॉफी रो म्हणतात. गावातल्या को-ऑपच्या कॅफेत सकाळी नऊला म्हातारे शेतकरी बसतात, रोज तीच खुर्ची. आपल्या पाराशी अगदी तंतोतंत जुळतं, फक्त तंबाखूऐवजी कॉफी. तिथे मला मालकांनी पहिल्यांदा नेलं तेव्हा एकाने विचारलं, तुम्ही लोक आमच्या मसुरीचं करता काय? मी घरी बोलावून मसुरीची आमटी आणि भात खाऊ घातला. चाळीस वर्षं मसूर पिकवतोय आणि आज पहिल्यांदा नीट खाल्ली म्हणाले. जगात सगळ्यात जास्त मसूर निर्यात करणारा देश हा, त्यातली बहुतेक या एका प्रांतातली, आणि ताटात मात्र बटाटा.

आणि सगळे दर वर्षी हिशेब लावतात की दिल्लीत काय होईल. नोव्हेंबर २०१७ ला वाटाण्यावर एकदम ५० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरला मसूर-हरभऱ्यावर ३०, ते साल इथे दुष्काळाच्या सालासारखं लक्षात ठेवतात. इथल्या कॅफेतल्या माणसाला महाराष्ट्रातला पाऊस माहीत असतो, मोसमी वारे केरळात पोचले का हे मला विचारतात.

दुष्काळावरून आठवलं, २०२१ चा उन्हाळा. माझं इथलं दुसरंच वर्ष. जूनच्या शेवटी ब्रिटिश कोलंबियात लिटन गावाला ४९.६ अंश झालं, इकडे प्रेरीवर, म्हणजे आमच्या सपाट गवताळ पट्ट्यात, कनोला फुलावर असताना फुलं वाळून गळली. आमच्याकडे एकरी आठ बुशेल निघाला, चांगल्या साली चाळीस निघतो. आणि मालकांनी वसंतातच एका धान्य कंपनीशी करार करून ठेवला होता की इतका कनोला इतक्या भावाने देईन. माल नाही, पण करार आहे! तोवर भाव दुप्पट झालेला, फरकाचे पैसे भरा म्हणून कंपनीने बिल पाठवलं. जे पिकलंच नाही त्याचे पैसे शेतकऱ्याने द्यायचे. असं झालेली कितीतरी कुटुंबं होती त्या साली. मालकीणबाईंनी ते बिल फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलं होतं आणि दर महिन्याला त्यावर पेनने भरलेली रक्कम लिहायच्या.

धाकटा_वारकरी | ९ नोव्हेंबर २०२५

ताई, मी बीएस्सी अॅग्री शेवटच्या वर्षाला आहे, राहुरी. एक एजंट कॅनडात फार्मवर जॉब आणि नंतर पीआर (कायमचं राहायची परवानगी) देतो म्हणतोय, अठरा लाख मागतोय. घरी जमीन विकायचं चाललंय. काय करू?

बांधावरची | ९ नोव्हेंबर २०२५

जमीन विकू नकोस! आधी हे वाच आणि मग घरी वाचून दाखव.

परदेशातून कामगार आणायला मालकाला सरकारकडून एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस नेमायला हरकत नाही असा दाखला, काढावा लागतो. त्याचे पैसे किंवा नोकरीचे पैसे कामगाराकडून घेणं कायद्याने गुन्हा आहे. जो पैसे मागतो तो तिथेच खोटा ठरतो. आणि हंगामी शेतकामगारांचा जो मोठा कार्यक्रम आहे तो १९६६ ला जमैकापासून सुरू झाला, मग मेक्सिको आणि कॅरिबियन बेटं, त्यात भारत नाहीच. ते लोक येतात, जास्तीत जास्त आठ महिने राबतात, परत जातात, कित्येक जण वीस-वीस वर्षं असंच येतायत आणि पीआर नाही. परमिट एका मालकाला बांधलेलं, तो वाईट निघाला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तुला यायचंच असेल तर शिक्षणाच्या रस्त्याने ये, कृषीच्या शिक्षणाला किंमत आहे इथे. वेळ लागेल पण मान ताठ राहील.

नीलमोहर | ९ नोव्हेंबर २०२५

+१. आमच्याकडे एक मुलगा आला होता असा, पंचवीस लाख देऊन. आल्यावर कळलं ते फार्मच नाही, कागदावर नुसता पत्ता. धाकट्या भावाला सांगावं तसं सांगते, एजंटचा फोन उचलूच नको.

धाकटा_वारकरी | १० नोव्हेंबर २०२५

काल रात्री आईला दोघींचं वाचून दाखवलं. आज सकाळी वडिलांनी एजंटला नाही म्हणून कळवलं. तुमचे उपकार विसरणार नाही.

ब्रॅम्प्टनचे_आजोबा | १२ नोव्हेंबर २०२५

मी १९८१ पासून इकडे. थोडं वेगळं सांगतो. आम्ही पहिलं घर घेतलं तेव्हा मागच्या खिडकीतून मका दिसायचा. सौ. सप्टेंबरमध्ये शेतकऱ्याकडून कणसं आणायची, डझनभर, तो वर एक-दोन जास्तच टाकायचा. आज त्या जागी तीन शाळा, मॉल आणि हजारो घरं आहेत. आपली मराठी मंडळीही त्यातच राहतात, माझा मुलगा मिल्टनला राहतो, तीही शेतंच होती. ओंटारियोत दिवसाला ३१९ एकर शेतजमीन जाते असं २०२१ च्या कृषी गणनेवरून निघालं. आणि ही या देशातली सगळ्यात सुपीक माती, उबदार हवा, इथे जे पिकतं ते सास्काचेवानात पिकत नाही. घर आम्हालाही हवं होतं, त्यामुळे कुणाला बोल लावत नाही. पण त्या मक्याच्या जागेवरून रोज फिरायला जातो तेव्हा पायाखालची माती आठवते.

बांधावरची | १५ नोव्हेंबर २०२५

आजोबा, तुमचं वाचून कालपासून मन लागत नाहीये.

आमच्याकडे माती जात नाही, माणसं जातात. इथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय ५६, देशात शेतं उरली १ लाख ९० हजारांच्या आत. पुढे कोण करणार याचा लेखी आराखडा फक्त बारा टक्के शेतांकडे. गेल्या वर्षी सास्काचेवानात जमिनीचे भाव तेरा टक्क्यांनी वाढले, म्हणजे म्हाताऱ्याची जमीन विकायला सोन्यासारखी आणि तरुणाला घ्यायला अशक्य. शेजारचं घर रिकामं, त्यापुढचं रिकामं. शाळेची बस मालकांच्या लहानपणी भरून जायची, आता त्यांची नात एकटी चढते आमच्या रस्त्यावरून.

मागच्या उन्हाळ्यात एका शेजाऱ्यांचा लिलाव होता. ट्रॅक्टर, औजारं, अगदी पाने-हातोड्या सुद्धा ओळीने गवतावर मांडलेल्या. ते गृहस्थ दिवसभर खिशात हात घालून उभे होते. शेवटी एका जुन्या धान्य चाळायच्या गिरणीचा नंबर आला, आजोबांची, पाच डॉलरला गेली, तेव्हा ते गाडीत जाऊन बसले.

हे पण लिहायलाच हवं. गेल्फ विद्यापीठाने कॅनडातल्या शेतकऱ्यांची पाहणी केली होती, त्यात चारातल्या एकाने सांगितलं की वर्षभरात कधीतरी जगणं नको वाटलं. मी मराठवाड्यातून आलेली, गावात दोन घरं अशी पाहिलेली, मला वाटायचं हे कर्जाच्या गरिबीतूनच येतं. इथे येऊन कळलं की एकटेपणातूनही येतं. इथे ९८८ नंबर आहे, चोवीस तास फोन उचलतात. लिलाव झालेल्या त्या शेजाऱ्यांना आता मालक दर मंगळवारी कॉफी रोला घेऊन येतात, मुद्दाम वाकडी वाट करून.

तूरवाला_लातूर | १५ नोव्हेंबर २०२५

ताई, पहिल्या दिवशी जरा कडक बोललो. मालकाला माझा नमस्कार सांगा. आणि त्या शेजाऱ्याला पण.

नीलमोहर | १३ डिसेंबर २०२५

मंडळी, सुमास प्रेरीत पुन्हा पाणी. परत नूकसॅककडूनच. चार वर्षंच झाली होती हो! काल ज्यांचा हिशेब करते त्यांनी गाई रात्रीतच हलवल्या, यावेळी वाट नाही बघितली. बांध उंच करायचा, पंप वाढवायचे हे २०२१ पासून बोलतायत सगळे. आम्ही बरे आहोत, घर उंचावर आहे. गुरुद्वाऱ्यातून रात्रभर लंगर चालू आहे, मी पण पोळ्या लाटायला चाललेय, नंतर लिहीन.

गोठ्यातला_डॉक्टर | १३ डिसेंबर २०२५

काळजी घ्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाईंच्या खुरांना आणि कासेला जपायला सांगा, दोन दिवस धोका जास्त असतो.

बांधावरची | १८ जानेवारी २०२६

बातमी बघितली असेल. पंतप्रधान कार्नी बीजिंगला जाऊन आले. कनोलाच्या बियांवर चीनने ऑगस्टमध्ये ७५.८ टक्के लावलेलं ते मार्चपर्यंत सगळं मिळून पंधराच्या आसपास येणार, आणि वाटाण्यावरचे १०० टक्के निदान या वर्षाअखेरपर्यंत काढणार. बदल्यात कॅनडा चिनी इलेक्ट्रिक गाड्या आत घेणार. मुळात भांडण कॅनडाने त्या गाड्यांवर लावलेल्या शुल्काचं होतं, शिक्षा कनोलाला. कनोलाच्या तेलाचं मात्र अजून काही ठरलेलं दिसत नाही.

बाहेर उणे चौतीस आहे. बिनच्या शिडीचा लोखंडी दांडा मोज्यातून सुद्धा हाताला चावतो. आज वाटाण्याचं तापमान परत बघितलं, सगळं थंड, माल छान आहे.

तूरवाला_लातूर | १९ जानेवारी २०२६

म्हणजे तुमचा वाटाणा आता चीनला जाणार? जाऊ द्या की मग, तिकडंच जाऊ द्या! आमची तूर आता आडतीवर यायला लागलीय, थोडीच हाय यंदा. हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी केलीय, बघू.

बांधावरची | २२ फेब्रुवारी २०२६

काल रात्री जेवणाच्या टेबलावर पेरणीचा नकाशा काढला. एकेक क्वार्टर म्हणजे १६० एकरांचा चौकोन, त्यात रंगीत पेन्सिलीने पीक भरायचं. मुलगा म्हणत होता वाटाणा बंद करू. मालक म्हणाले, वाटाणा जमिनीत नत्र सोडतो, त्याच्यामागे गहू चांगला येतो, भावासाठी जमिनीचं का तोडायचं. मी म्हणाले नत्राचं खरं आहे, पण तीन क्वार्टरमध्ये मूळकूज आलेली आहे, अॅफॅनोमायसिस, तिथे निदान सहा वर्षं वाटाणा आणि मसूर दोन्ही नकोच. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मालकीणबाईंनी तीन चौकोनांतला हिरवा रंग खोडरबरने पुसला आणि तिथे पिवळा भरला, कनोलाचा.

बाकी पाच क्वार्टर वाटाणा राहिला. बाबांना सकाळी सांगितलं. ते म्हणाले, एक कर, तुमच्याकडं ती पत्र्याची कणगी केवढ्याला पडते आणि लहान मिळती का, ते विचारून ठेव. मालकांना विचारलंय, ते म्हणाले वापरलेली छोटी मी बघून देतो पण पोचवणार कशी? दादा, लातूरला अशा छोट्या पत्र्याच्या कणग्या कोण बनवतं, माहीत असेल तर सांगा. दहा-पंधरा क्विंटलची चालेल.

तूरवाला_लातूर | २२ फेब्रुवारी २०२६

एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाला वळखीचा हाय, उद्या सकाळी जाऊन विचारतो. बाबांचं गाव कोणतं ते मेसेज करा, माप घ्यायला मीच येतो.